नर्मदेची खंड परिक्रमा: नोकरी सांभाळून, तुकड्यातुकड्याने, पायी

नर्मदा परिक्रमा पायी करायची ओढ होती, पण रजा वर्षाला जेमतेम तीन आठवडे. 'निवृत्त झाल्यावर बघू' असं म्हणत मी कितीतरी वर्षं घालवली. शेवटी खंड परिक्रमेचा संकल्प केला आणि दर हंगामात दोन खंड असं करत, सहा हंगामांत ती पुरी केली. चालणं माझ्या अंदाजापेक्षा सोपं निघालं. कठीण होतं ते थांबणं: कुठे थांबायचं, तिथून घरी कसं यायचं आणि पुन्हा त्याच घाटावर येऊन तीच वाट कशी धरायची. म्हणून या लेखात सामानाच्या यादीपेक्षा खंड कुठे तोडावा यावर जास्त लिहिलं आहे.

आधी मूळ गोष्ट. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून भरूचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. परिक्रमेत ती सतत आपल्या उजव्या हाताला असते आणि तिचं पात्र ओलांडायचं नसतं. उपनद्या ओलांडल्या तर चालतात. दक्षिण तटाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत, तिथून नावेने उत्तर तटावर, मग पूर्वेकडे अमरकंटकपर्यंत, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने निघाल्या जागी. दोन्ही तट मिळून २६०० किलोमीटरच्या वर होतात. धरणांच्या जलाशयांना घालावे लागणारे वळसे धरून मी नियोजनाला ३००० हा आकडा घेतला. तुम्हीही तोच घ्या, कमी धरू नका.

पहिलं काम: रजेचा हिशेब

कॅलेंडर पुढ्यात घ्या. शनिवारी निघून तिसऱ्या रविवारी परत आलात तर सोळा दिवस मिळतात आणि रजा फक्त दहा दिवसांची लागते. त्यातला एक दिवस जायला, एक यायला, एक दिवस पाय दुखले किंवा पाऊस आला तर हाताशी. उरले तेरा. त्यातला पहिला दिवस नेहमी अर्धाच मिळतो, शेवटचाही तसाच. म्हणजे चालण्याचे खरे दिवस बारा. रोज सरासरी २० किलोमीटर धरले तर एका खंडात २४०. तीन हजार भागिले दोनशे चाळीस, म्हणजे साडेबारा खंड. वर्षाला दोन खंड जमले तर सहा-सव्वासहा वर्षं.

हा आकडा घरच्यांना आधीच सांगा. 'दोन-तीन वर्षांत उरकेल' असं सांगून निघालेले बरेच जण तिसऱ्या खंडानंतर थांबलेले मी पाहिले आहेत.

रोज २० हा आकडा कमी वाटेल. सलग परिक्रमा करणारा महिन्याभराने सहज २५-३० चालतो, कारण तोवर त्याचे पाय तयार झालेले असतात. आपण मात्र प्रत्येक खंडात नवे असतो. खुर्चीवरून उठून आलेले पाय पहिले तीन दिवस फोड देणारच. चौथ्या दिवशी लय सापडते, दहाव्या दिवशी शरीर रंगात येतं आणि तेव्हाच परतीचं तिकीट असतं. म्हणून पहिले तीन दिवस १५ किलोमीटरच्या वर जायचं नाही, हा नियम मी शेवटच्या खंडापर्यंत पाळला. पुढे ती कसर भरून निघते.

हंगाम

चातुर्मासात परिक्रमा थांबते. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी परिक्रमावासी एका जागी राहतात. कार्तिकीनंतर वाट मोकळी होते. आपल्याला दिवाळीची रजा संपवून लगेच निघता येत नाही, त्यामुळे पहिला खंड मार्गशीर्षात आणि दुसरा माघ-फाल्गुनात बसतो.

कोणता खंड कोणत्या महिन्यात, हे मात्र मनाला येईल तसं ठरवू नका. निमाडात, म्हणजे खरगोन-बडवानीच्या पट्ट्यात, मार्चच्या मध्यापासून ऊन भाजून काढतं; तो पट्टा डिसेंबरातच घ्यावा. मंडला-दिंडोरी-अमरकंटकचा डोंगराळ भाग पौषात गोठवतो. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे आणि धर्मशाळेत थंड फरशीवर झोपायचं असतं. तो भाग फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुखाचा. मग तिथे पळस फुलतो आणि मोहाचा वासही सुटतो.

माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी वाटेत असाल तर जागोजागी भंडारे आणि रात्री घाटावर दिवे. जमलं तर एक खंड त्या तिथीला धरून आखाच.

खंड कुठे तोडायचा

किलोमीटर मोजून खंड तोडू नका. माझी कसोटी तीन प्रश्नांची. त्या जागेवरून नदी न ओलांडता मोठ्या रस्त्याला किंवा रेल्वेला लागता येतं का? सहा महिन्यांनी परत येताना तिथे रात्री उतरायला जागा आहे का? आणि पुढचा खंड तिथून सुरू करताना पहिले दोन दिवस सोपे आहेत का? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण नव्या पायांनी थेट घाटात शिरणं म्हणजे गुडघा गमावणं.

मी ओंकारेश्वरहून निघालो. खांडव्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, त्यामुळे संकल्पाआधी दर्शन घ्या. संकल्प झाला की पुरी परिक्रमा होईपर्यंत त्या पुलावर पाय ठेवता येत नाही. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे.

दक्षिण तटाने *ओंकारेश्वर ते राजघाट (बडवानी)* हा नवख्यांसाठी सर्वांत चांगला पहिला खंड. आठ-नऊ दिवस लागतात. वाट सपाट, गावं दाट, कापूस-मिरचीची शेतं आणि जागोजागी आश्रम. याच वाटेवर बकावाँ हे नर्मदेतल्या दगडाची शिवलिंगं घडवणारं गाव लागतं आणि पुढे रावेरखेडी. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी इथेच गेले. नदीकाठच्या त्या समाधीपाशी मराठी माणसाचे पाय आपोआप थांबतात. तिथे घाई होऊ नये म्हणून तो दिवस मुद्दाम लहान ठेवा. खंड संपला की बडवानीहून सेंधव्याला बस आणि सेंधव्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे. नर्मदा कुठेही ओलांडावी लागत नाही.

*राजघाट ते राजपीपला* हा दुसरा. इथे सातपुडा आहे. पूर्वीची शूलपाणीची झाडी सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्यामुळे जुन्या वर्णनांतली काठाची वाट आता नाही. धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर आहे आणि जलाशय भरला की राजघाटही पाण्यात जातो. पावसाळ्यानंतर तिथे पाणी कुठवर आहे ते बडवानीत विचारूनच पुढे व्हा. आता दोन पर्याय आहेत. एक डोंगरातून, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगी भागातून पुढे गुजरातेत माथासर, कणजी करत गोऱ्याला. दुसरा शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा असा डांबरी रस्त्याने. पहिला अवघड आहे, चढ खडे आहेत, दुकानं विरळ आणि फोनला रेंज नाही. तरी पाय शाबूत असतील तर तोच घ्या. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटलं जाई, त्या आठवणी अजून सांगितल्या जातात. मला मात्र पाड्यापाड्यावर भिल्ल कुटुंबांनी हाक मारून थांबवलं, भाकरी खाऊ घातली. एकट्याने मात्र जाऊ नये, दोघं-तिघं जमेपर्यंत थांबावं.

तिसरा खंड *राजपीपला ते भरूच*, आणि इथे माझी सर्वांत कळकळीची सूचना: समुद्राच्या अलीकडे खंड तोडू नका. अंकलेश्वरला स्टेशन आहे म्हणून तिथेच थांबण्याचा मोह होतो. मग पुढच्या वेळी सुरुवातीलाच विमलेश्वरची, म्हणजे दक्षिण तटावरून उत्तर तटावर नेणारी, नाव येते आणि तिथे किती दिवस जातील हे कुणाच्या हातात नसतं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, मग ती वेळ मध्यरात्रीची असो. कार्तिकीला ओंकारेश्वरहून निघालेली गर्दी साधारण महिन्याभराने तिथे पोचते, तेव्हा नाव नोंदवून थांबावं लागतं. तीन-चार तासांचा प्रवास, चारी बाजूंना खाडीचं मातकट पाणी, मग उत्तर तटावर मिठी तलाई. त्यापुढे भरूचपर्यंत दोन-तीन दिवस. या खंडात हाताशीचा दिवस एकाऐवजी तीन ठेवा आणि परतीचं आरक्षण भरूचहून करा. नावेत घड्याळाकडे बघत बसायची वेळ स्वतःवर आणू नका.

उत्तर तटावर *भरूच ते गरुडेश्वर* हा शांत खंड. नारेश्वर, मालसर, चाणोद, तिलकवाडा अशी नावं. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची, म्हणजे माणगावच्या वासुदेवानंद सरस्वतींची समाधी आहे (१९१४). दत्तसंप्रदायातल्या मराठी घरांना हे ठिकाण माहेरासारखं, त्यामुळे खंड इथे संपवणं मनालाही बरं वाटतं.

*गरुडेश्वर ते महेश्वर* पुन्हा जलाशयाला वळसा. कवांट, कुक्षीकडून लांबचा फेरा पडतो आणि कित्येक दिवस नर्मदा दिसत नाही. या खंडात मन खचतं. माझंही खचलं होतं. संध्याकाळी सोबत बाळगलेल्या बाटलीतल्या नर्मदाजलाची पूजा करायची, एवढीच तिची भेट. शेवटी महेश्वरच्या अहिल्याबाईंच्या घाटावर उतरलात की समोर एवढं मोठं पात्र येतं की पाय धुवायचंही सुचत नाही.

पुढचे खंड थोडक्यात. *महेश्वर ते नेमावर*: मधे बडवाहच्या पुढे जंगल आहे, त्यात दुपारी चारनंतर शिरू नये, मग पिपरी, सतवास, खातेगाव. *नेमावर ते बुधनी* सोपा. बुधनीला स्टेशन आहे. *बुधनी ते जबलपूर* लांब आहे, एका रजेत बसत नसेल तर बरमानला तोडा. *जबलपूर ते अमरकंटक* सर्वांत सुंदर आणि सर्वांत विरळ वस्तीचा. बरगीच्या जलाशयाला वळसा, मग मंडला, दिंडोरी. मी मंडल्याला तोडला आणि उरलेला भाग पुढच्या फेब्रुवारीसाठी ठेवला. त्यामुळे अमरकंटकला माई की बगियापाशी वळसा घालून, पात्र एका उडीत ओलांडता येईल एवढं लहान बघून, दक्षिण तटाने दोन दिवस उतरूनच परतलो. उगमावर थांबून परत येऊ नका. वळण घेऊन थोडं तरी खाली या. परतायला पेंड्रा रोड स्टेशन जवळ पडतं.

दक्षिण तटाने *अमरकंटक ते जबलपूरचा समोरचा काठ* झाला की पुढे इटारसीपर्यंत नियोजनाची चिंताच संपते. इटारसी-जबलपूर रेल्वेमार्ग नदीला समांतर जातो. नरसिंहपूर, करेली, गाडरवारा, पिपरिया, सोहागपूर, सगळी स्टेशनं दक्षिणेला. तटावरच्या कुठल्याही मोठ्या गावातून जीप किंवा बसने तास-दोन तासांत स्टेशन गाठता येतं. ज्यांना एका वेळी पाच-सहा दिवसच मिळतात त्यांनी हा पट्टा लांब सुट्टीला जोडून लहान लहान तुकड्यांत घ्यावा. नर्मदापुरमचा (जुनं होशंगाबाद) सेठाणी घाट हा थांबायला उत्तम. शेवटचा खंड *नर्मदापुरम ते ओंकारेश्वर*: हंडियापर्यंत काठ, त्यापुढे इंदिरा सागरचा प्रचंड जलाशय. २००४ मध्ये हरसूद गाव उठवलं गेलं ते याच पाण्यासाठी. इथे दक्षिणेकडून वळसा.

जोड नीट बसवणं

खंड संपवताना चार गोष्टी करा. शेवटच्या आश्रमात वहीवर तारखेसह शिक्का घ्या आणि शेजारी स्वतःच्या हाताने घाटाचं नाव व तट लिहा. सहा महिन्यांनी 'उत्तर की दक्षिण' यात घोळ होतो, विशेषतः जिथे दोन्ही काठांना एकाच नावाचं गाव आहे, जसं बरमान. घाटाचा फोटो घ्या आणि फोनच्या नकाशावर खूण करा. आश्रमातल्या महाराजांना सांगा की मी याच जागी परत येणार आहे. तिथला नंबर मागून ठेवा. पुढच्या खंडाला निघताना एक फोन केला की रात्री उशिरा पोचलात तरी दार उघडतं.

नर्मदाजलाची बाटली माझ्या घरी खंडांच्या मधल्या काळात देवघरात असे. समुद्रापाशी आणि अमरकंटकला त्यातलं थोडं पाणी अर्पण करून तिथलं मिसळतात.

आता जो प्रश्न प्रत्येकाला छळतो तो. उत्तर तटावरून महाराष्ट्रात यायचं तर रेल्वे किंवा बस नर्मदा ओलांडणारच. मग परिक्रमा खंडित झाली का? मी वाटेत तीन-चार ठिकाणी विचारलं आणि वेगवेगळी उत्तरं मिळाली. एका वृद्ध साधूंनी सांगितलं की संकल्पच खंडाचा कर. खंड सुरू करताना घे, संपताना मैयाला सांगून सोड, मधला प्रवास परिक्रमेचा नाही. मला ते पटलं आणि मी तसंच केलं. तुमच्या घराण्याची किंवा गुरूंची रीत वेगळी असेल तर पहिल्या खंडाच्या आधीच विचारून घ्या, अर्ध्या वाटेवर नको. चालत असताना मात्र नियम पक्का: पूल समोर असला तरी पलीकडच्या दुकानात चहाला जायचं नाही.

वाटेतला एखादा तुकडा गाडीने झाला, आजारपणाने किंवा अंधार पडल्याने, तर तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या खंडात एक दिवस आधी येऊन तो भरून काढता येतो. माझे असे दोन तुकडे होते, दोन्ही नंतर चाललो.

पाठीवरचं ओझं आणि पाय

सॅक पाण्यासकट सात किलोच्या आत. दोन जोड कपडे, शक्यतो पांढरे, हलकी स्लीपिंग बॅग, स्टीलची एक ताटली-पेला, टॉर्च, काठी. काठी कुत्र्यांसाठी कमी आणि ओढ्यातली खोली बघायला जास्त लागते. बूट अर्धा नंबर मोठे, किमान शंभर किलोमीटर वापरलेले. रात्री टाचांना कोकम तेल गरम करून लावायचं, सकाळी बोटांच्या मधे व्हॅसलीन. फोड आला तर कातडी सोलू नका.

निघण्याआधी दोन महिने दर रविवारी भरलेली सॅक घेऊन दहा-पंधरा किलोमीटर चाला. त्याही आधी चव घ्यायची असेल तर चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा करा. रामपुरा ते तिलकवाडा भागात नर्मदा उत्तरेकडे वाहते, तिथली ही लहान परिक्रमा एका दिवसात होते. गर्दी फार असते, तरी आपले पाय काय म्हणतात ते कळतं.

धरणांच्या खालच्या भागात पाणी अचानक वाढतं. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या घाटावर, वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात अनेक भाविक वाहून गेले. कोरड्या खडकांवर मुक्काम करू नका, स्नान काठावर बसून करा आणि साबण नदीत नेऊ नका.

राहणं, जेवणं, पैसे

'नर्मदे हर' एवढे दोन शब्द पुरतात. आश्रमात पहिला प्रश्न येतो, 'कितनी मूर्ती है?' म्हणजे किती माणसं. मग आसन कुठे लावायचं ते दाखवतात. जेवण मिळतं किंवा सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा मिळतो आणि आपण शिजवायचं. बायकांना 'माताराम' म्हणून फार मानाने वागवतात; तरी मुक्काम आश्रमात किंवा कुटुंबाच्या घरी, उघड्या घाटावर नको.

इथे आपण खंडवाल्यांनी थोडं जास्त जपायला हवं. पाच महिने घरदार सोडून निघालेला माणूस आणि पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला पगारदार यांना त्या गावातली माऊली सारखीच भाकरी वाढते. आपल्याला परवडतं. म्हणून दानपेटीत न सांगता टाका, दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा, भांडी घासा, अंगण झाडा. दुपारच्या जेवणापुरते चणे-गूळ स्वतःचे बाळगा. आश्रम भरलेला असेल तर सलग परिक्रमावासीला आत जागा द्या.

ओळखपत्र आणि पत्त्याच्या दोन प्रती सॅकमध्ये वेगवेगळ्या ठेवा. रोज संध्याकाळी घरी गावाचं नाव कळवा. जिथे रेंज नाही तो पट्टा आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरचे घाबरतात.

शेवटचा खंड

शेवटच्या खंडाच्या परतीच्या तिकिटात ओंकारेश्वरला दोन पूर्ण दिवस धरा. पोचल्या दिवशी काही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा, कढई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, कन्याभोजन. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पूल ओलांडून बेटावर जायचं आणि बाटलीतलं जल ओंकारेश्वराला घालायचं. घरच्यांना खांडव्यापर्यंत बोलावून घ्या. ज्यांनी प्रत्येक खंडाला घर सांभाळलं त्यांनी ती बाटली रिकामी होताना बघायला हवी.